घाम थांबला तेव्हा

खानापूरच्या घाटाखाली मलप्रभा
मे महिन्यात घोट्याएवढीच;
कारवारचं भाडं परवडेपर्यंत
हीच आमची चौपाटी.

दुपारी अडीच. निरंजन वाळूत किल्ला बांधत होता,
टोपी किल्ल्यालाच घातलेली.
"बघ मावशी, घाम पण येईना आता,"
म्हणाला, आणि मला बरंच वाटलं की.

कलिंगडवाल्या गंगव्वानं मात्र सुरी टाकली.
"नीरु, नीरु!" ओरडत आली,
पोराला उचलून जांभळीखाली नेलं.
ओला पंचा मानेला, काखेत,
पदरानं वारा.
मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं.

तासाभरानं त्याच्या कपाळावर
एक थेंब फुटला.
एवढ्याशा घामाला
मी बोट लावून बघितलं,
दोनदा.

किल्ला तेवढा टोपीखाली गार.
गंगव्वा वाळूत वाकून
सुरी शोधत होती.