सातवी पायरी

तार्तूच्या लाकडी घरांत भिंती पातळ.
वरच्या एन्डेलचा खोकला
माझ्या कपाटातल्या बशांना आधी कळतो.

नातीला नुसती सर्दी होती.
नाक पुसत तिनं आपला चमचा
त्याच्या वाटाण्याच्या सूपमध्ये बुडवला,
तो हसला.
चौथ्या दिवशी ती बर्फावर घसरत होती,
आणि तो इस्पितळात, नाकात नळी.

डॉक्टरीणबाईंनी विषाणूचं नाव सांगितलं, तीन इंग्रजी अक्षरं.
‘हा तर पोरांचा आजार,’ मी म्हटलं.
‘म्हाताऱ्यांचाही. कुणी मोजत नाही इतकंच.’

एकवीस दिवसांनी परतला, बरा होऊन.
कागदावर तसं लिहिलंय.

पूर्वी दोन्ही काखांत बर्चची लाकडं घेऊन
शीळ घालत वर जायचा.
आता सातव्या पायरीला, जिना वळतो तिथे, थांबतो.
मी दाराआड उगाच भांडी वाजवते,
त्याला वाटू नये कुणी ऐकतंय.

परवा त्या वळणावर स्टूल ठेवलं.
वर जिरेनियमची कुंडी,
म्हणजे स्टूल कुंडीचंच वाटावं.

आज कुंडी जमिनीवर होती.
मातीला पाणी घातलेलं.