डाव्या बटणाखाली

जानेवारीत आमच्याकडे सकाळ होते ती फक्त घड्याळात.
बाहेर उणे बावीस. नगरपालिकेच्या आवारात
बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा गरगरतोय
आणि छपाईच्या खोलीत इर्मेली हाउताला
हातमोजे काढून कटरसमोर उभी.

वर्षातून एकदा येते ती, ओउलूहून, बसने.
पिशवीत थर्मास, एक बर्चची काठी, अंगठ्याएवढी जाड,
आणि पातं थांबायला किती वेळ घेतं ते मोजायची डबी.
कटर जुना. पेपर मिल बंद झाली तेव्हा लिलावात घेतलेला.
कागद आता दुसरीकडून येतो,
कापणं तेवढं गावात उरलंय:
वाचनालयाची कार्डं, स्कीच्या वाटांचे नकाशे,
बालवाडीच्या सूचना, कधी कुणाच्या अंत्यविधीची पत्रिका.

किल्ली कुठे असते?
ड्रॉवरमध्ये.
कुणाच्या?
माझ्या.

ती काठी पुढे करते, प्रकाशाच्या पडद्यात.
दिसत नाही तो, पण पातं त्याला मानतं,
अर्ध्यात थबकतं, जेवताना कुणी हाक मारावी तसं.
पुन्हा. खालून. अगदी कडेने.
लाल बटण दाबते, सोडते, वाट बघते:
आपण होऊन काही सुरू झालं नाही. बरं.

मग दोन बटणं.
ज्यानं ती इतकी लांब लांब बसवली
त्याला पक्कं ठाऊक असणार, एका हातानं टाळी वाजत नाही.
दोन्ही हात काठावर गुंतलेले, तरच पातं खाली.
रिकामा हात भटकतो, एवढंच त्यामागचं शहाणपण.

इर्मेली फक्त उजवं दाबते.

पातं खाली येतं.

ती वाकते, डाव्या बटणाच्या फटीतून
नखानं ओढून काढते आइस्क्रीमची काडी,
चपटी, चोखून पांढरी पडलेली.
टेबलावर ठेवते. म्हणते,
उन्हाळ्यातली दिसते.

दारात ओन्नी, एकवीस वर्षांचा, कानांपर्यंत लाल.
पडदा समोरच आहे, बाजूनं हात जातो, म्हणाला,
डाव्या हातानं थप्पी सरळ धरता येते. वेळ वाचतो.
किती?
तो त्यानं कधी मोजला नव्हता.
ओन्नी म्हणजे आमच्या भाषेत नशीब.
इर्मेली त्याचा डावा हात बघत राहिली,
गल्ल्यातली चिल्लर मोजावी तशी. बोटं पुरी भरली.

आणि मग, न बोलता, भिंतीवरची फाइल.
दर सोमवारची तपासणी, आठ ओळी, आठ चौकोन.
ओळ पाचवी: बटणं एकेकटी दाबून पाहिली.
जूनपासून प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण
आणि खाली सही. सही माझी.
ऑक्टोबर तर मी एका बैठकीत उरकलाय,
चारही सोमवार, एकच पेन, खुणांचा एकच कल,
कॉफी निवायच्या आत.
कागदोपत्री आमचा कटर फार सुरक्षित होता.

तिनं फाइलवर बोटही ठेवलं नाही.
किल्ली आपल्या खिशात टाकली, पात्यावर चिठ्ठी लावली,
थर्मासमधली कॉफी आम्हा दोघांना ओतली.
ती कोमट होती. आम्ही ती संपवली.

मिस्त्री येऊन गेला. बाजूला जाळी बसली. मार्च उजाडला, खरोखर उजाडला.
काडी मी पाचव्या ओळीशी चिकटवून ठेवलीय.
सोमवारी ओन्नी यादी वाचतो, मोठ्यानं, थोडा लाजत,
आणि मी उजवं बटण एकटंच दाबून धरते.
काही होत नाही.
ते काही न होणं आम्ही दोघं नीट ऐकतो,
दहा आकडे.

मग डावं.