शुक्रवारचे तिघे

म्हापशात शुक्रवारी बाजार
आणि शुक्रवारीच नवा सिनेमा,
म्हणून आमचा वार शुक्रवार.
आता बाजारातून काही उचलवत नाही,
नव्या सिनेमात तीन तास बसवत नाही,
तरी गुडघ्यांना वार कळतो.

सुखटणकरांच्या हॉटेलात मागचं टेबल.
पंख्याखालचं नको,
पंख्याखाली विश्रामच्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं.
एकतीस वर्षं त्याने गाण्यांवर सदर लिहिलं.
डावा कान गेला,
उजव्यात खालचे सूर तेवढे उरलेत.
तरी भांडतो:
"त्या अंतऱ्यात मेंडोलिन आहे."
"ना रे, बँजो," कायतान म्हणतो.
गल्ल्यावरचा पोरगा फोनवर गाणं लावून देतो.
विश्राम डोळे मिटतो, टेबलावर बोटं टेकतो,
लाकडातून ऐकल्यासारखा.
"मेंडोलिन."
पोरग्याने लावलेलं गाणं भलतंच असतं.
आम्ही सांगत नाही.

मी सिनेमावर लिहायचे.
नाव संपादकांनी ठेवलेलं: पडदापंडित.
पत्रं यायची, "महोदय,
नायिकांबद्दल आपण फार कडक लिहिता,
एकदा घरी पत्नीला विचारून पाहा."
मी आरशात विचारलं.
ती म्हणाली, अजून थोडं मीठ घाल.

आज कायतानने उंडा मोडला,
पातळभाजीत बुडवला, आणि तसाच धरून ठेवला.
"ती दीपगृहाची फिल्म आठवते?
म्हाका ती अर्धीच माहीत."

मध्यंतराला वीज गेली होती.
थिएटरचा जनरेटर आसगावला कुणाच्या लग्नात.
रात्री नऊला छापखाना थांबलेला,
त्याच्या रोमीतल्या साप्ताहिकाचं शेवटचं पान कोरं.
कायतान तावेर्नात बसला
आणि उरलेला सिनेमा त्याने तिथेच काढला:
मुलगी प्रियकराबरोबर बोटीतून पळते,
मागे पोलिसांची लाँच,
म्हातारा दीपगृहाचा दिवा स्वतःच्या हाताने मालवतो,
आणि अंधारात एक काडी पेटवून उभा राहतो,
तिला आपण दिसावं म्हणून,
बोट भाजेपर्यंत.

मी पणजीला पाहिला होता तो सिनेमा.
शेवटी लग्न. अख्खा गाव नाचतो, फौजदारसुद्धा.
कायतानचं परीक्षण वाचून मला वाटलं
पणजीला आलेली प्रत कापलेली.
वितरकाला मी दोन रकाने झोडपला.
माझं वाचून साखळीच्या लोकांनी
तिकिटाचे पैसे परत मागितले,
एक खुर्ची मोडली.
चाळीस वर्षं मी मनात धरून होते
की कायतानने पाहिलं ते मला दिसलं नाही.

हसायचं की त्याला बदडायचं, ठरेना.
मग विश्रामकडे वळले:
"आणि तू? तू तर लिहिलं होतंस,
काडी जळताना एकच मेंडोलिन वाजतं,
तेही अर्ध्यावर थांबतं."
विश्रामने यंत्र काढून रुमालात पुसलं.
बराच वेळ पुसलं.
"वाजायला हवं होतं," म्हणाला.

चहा आला. कायतानचा उंडा भाजीत विरघळून गेलेला.
पोरगा गल्ला सोडून जवळ येऊन उभा,
फोनवर शोधतोय, मिळत नाही.
मिळणार नाही, बाबा.
त्याची रिळं कुठल्याशा गोदामात चिकटून वडी झाली म्हणतात.
लग्न गेलं, नाचणारा फौजदार गेला.
उरलं ते कायतानचं पान, माझं भांडण
आणि न वाजलेलं मेंडोलिन.

हळदोण्याच्या बसने हॉर्न दिला,
कायतान उठला नाही.
पोरग्याने विचारलं,
"मग त्या बोटीचं काय झालं?"
विश्रामला ऐकू आलं, बोटाचं.

"भाजलं," तो म्हणाला,
आणि उजव्या हाताचं पहिलं बोट
तोंडाजवळ नेऊन
हळूच फुंकर घातली.