नीरम

वास्कोच्या बंदर कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्यापुढे एकोणीस पानं इंग्रजीतली
आणि समोर चंद्रावती पागी, खारीवाड्याची.
मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत मुलाचं आधार कार्ड.
बाई चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेली,
म्हणून चौकशी समितीने मला बोलावलं :
मराठीत करून द्या, पानामागे ऐंशी रुपये.

पान एक. मी, खाली सही करणारा,
राजीखुशीने मान्य करतो की ही पाणबुडी प्रायोगिक आहे,
कोणत्याही संस्थेने तिला पास केलेलं नाही,
आणि इजा, अपंगत्व, मानसिक धक्का, मृत्यू
यांपैकी काहीही होऊ शकतं.
मृत्यू हा शब्द पहिल्याच पानावर तीनदा.
तिन्ही वेळा मी तो सुवाच्य लिहिला.

चौघांनी सह्या केल्या होत्या.
एकाने सहीखाली हसरा चेहरा काढला होता.
याचं काय करू, मी विचारलं.
साहेब म्हणाले, सोडून द्या.

पान सात. खिडकी.
जाड अ‍ॅक्रिलिकची, तीनशे मीटरपर्यंत तपासलेली.
पान नऊ. सहलीची खोली, सातशे.
मधल्या पान आठवर दुपारच्या जेवणाचा बेत :
किसमूर, सोलकढी,
शाकाहारी असल्यास आदल्या दिवशी कळवावे.

पान अकरा. कंपनी जबाबदार नाही.
संचालक, नोकर, वारस, विमेवाले, कोणीच नाही.
वाक्याला कर्ता लागतो असं आम्हाला बाई शिकवायच्या.
इथे तपासणी पुढे ढकलण्यात आली,
खाली जाण्याचा निर्णय घेण्यात आला,
संपर्क तुटला,
जुनी सुतळी आपणहून तुटावी तसा.
मी कर्ता शोधत पानं मागेपुढे केली.
सापडली ती कुठल्याशा बेटावरची टपालपेटी.

चंद्रावती मध्ये काही बोलत नाही.
पान उलटलं की तेवढं विचारते,
साईशचं नाव आलं?

नाही आलं.
तो बावीस वर्षांचा. दोरखंड ओढायचा,
पाहुण्यांचे बूट सांभाळायचा,
खिडकी आतून पुसायचा, कारण श्वासाने ती धुरकट होते.
प्रवासी नव्हता, म्हणून त्याची सही नाही.
चालक नव्हता, म्हणून त्याचा विमा नाही.

पान पंधरा. त्या सकाळचा तक्ता.
पाचवा प्रवासी आला नाही, रात्री शॅकवर खाल्लेली कालवं बाधली.
त्याला पैसे परत मिळाले.
जागा रिकामी राहिली तर तोल जातो.
वाळूची पोती होती मागच्या डेकवर,
पण ती आणायला वीस मिनिटं
आणि पाहुणे उन्हात उभे.
शेवटच्या रकान्यात बॉलपेनने, घाईघाईने :
बॅलास्ट, बहात्तर किलो.

इथे मी अडले.
कोशात भार होता, वजन होतं.
मराठीत याला नेमका शब्द नाही, मी म्हटलं.
नीरम, ती म्हणाली.
नीरम गो, बाय.
होडी रिकामी असली की हलते, मग तळाला धोंडे घालतात, ते.
जाळं भरून आलं की टाकून देतात दर्यात.
धोंडे कोण घरी आणतो?

पंखा फिरत होता.
बंदरातल्या कोळशाची पूड तिच्या कपाळावर,
माझ्या कागदांवर.

मग ती हळूच म्हणाली, तो अडुसष्टचा होता.
चार किलो हत्यारांच्या पिशवीचे असतील.

एकोणिसाव्या पानाखाली नियमाप्रमाणे मी लिहिलं :
वरील मजकूर खरा आणि अचूक आहे, याला मी जबाबदार.
सही, तारीख, पूर्ण पत्ता.
सबंध फायलीत असं वाक्य
दुसरं नव्हतं. मी पुन्हा एकदा पाहिलं.

तिने पान पंधरा मागून घेतलं,
आणि त्या शब्दावर बोट ठेवून
अक्षर अक्षर लावत राहिली,
चौथीतल्या मुलीसारखी,
मोठ्याने.