खरवड

सोमवारी खिचडीला मीठ कमी पडलं
आणि जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेला कळलं,
रशीदाबी आलेल्या नाहीत.

"गावाला गेल्यात," मी म्हटलं.
सहज निघून गेलं तोंडातून;
फळ्यावर हातच्याची वजाबाकी अर्धी होती.

मंगळवारी इंदल उभा राहिला.
"कोनत्या गावाला, बाई?
तांड्यावरून येताना कबरस्तान लागतंय.
नवी माती हाय तिथं. पानी शिंपडल्याली."

मी खडू ठेवला.
देवाघरी, चांदणी, झोप,
हे शब्द किती वर्षं मी घडी घालून जवळ ठेवलेले.
एकही उघडेना.
"रशीदाबी मेल्या."
लाईट गेली होती, पंखा बंद.
शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला.

मेल्यावर भूक लागती का?
नाही.
ऊन?
नाही लागत.
मंग दिवाळीच्या सुट्टीनंतरबी न्हाई येणार?
नंतरही नाही.

प्रज्ञा मान खाली घालून नखानं सतरंजी उसवत होती.
"शनिवारी मी खिचडी सांडली. त्या रागावल्या माझ्यावर.
म्हनून मेल्या का?"

तिला जवळ घेतलं.
सांडलेल्या खिचडीनं कुणी मरत नाही.
त्यांच्या छातीतलं दुखणं जुनं होतं.
तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं,
पाढा घेतात तसं.
तिसऱ्यांदा तिचा आवाज थोडा मोठा आला.

बुधवारी खो-खोत गोदा खळखळून हसली
आणि खेळ सोडून धावत माझ्याकडे आली.
"बाई, हसलं तर चालतं का?"
चालतं.
"आन् रडलं तर?"
मी नुसती मान हलवली.
माझा आवाज तेव्हा जागेवर नव्हता.

आठवड्यानं अल्तमश आला, पहिलीतला, त्यांचा नातू.
शर्टाची गुंडी एक घर खाली लागलेली.
कुणी काही बोललं नाही.
मीही शिकवलं नव्हतं काय बोलायचं ते.

नव्या बाईंनी पळीनं ताट वाजवलं.
पातेल्याच्या बुडाची खरवड
रशीदाबी रोज इंदलसाठी राखायच्या,
दूरच्या तांड्यावरनं चालत येतो म्हणून.
आज त्यानं स्वतःच खरडली,
अर्धी अल्तमशच्या ताटात टाकली.

"करपलीय," अल्तमश म्हणाला.
"दादीची अशी नसायची."

"न्हाईच," इंदल म्हणाला.

आणि दोघं खात राहिले.