छाट

नव्या पेठेतल्या काचेच्या दुकानात
हंचाटे मॅडमच्या मनगटाचा वास
मी नुसता हाताने हवेत काढून दाखवला.
गोड, पण ताटातला नाही.
उबदार, पण आपल्या उन्हाचा नाही.
पोऱ्याने बाटली काढली. व्हॅनिला अंबर, अकराशे.
ओव्हरटाइमच्या नोटा
काउंटरवर सरळ करून ठेवताना
त्याने एसी वाढवला, की मलाच तसं वाटलं.

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात काजं करते.
दिवसाला चारशे शर्ट, कुठल्या कुठल्या शाळांचे.

रिक्षात बसल्या बसल्या लावलं.
सात रस्त्यापर्यंत मॅडम होते मी.
अशोक चौकात उतरले तेव्हा
अंगाला उतू गेलेल्या दुधाचा वास,
तोही घासून न निघालेल्या पातेल्याचा.

बाटली खोटी असेल म्हणून
दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेली.
शमशादच्या कानामागे लावलं,
तर तिच्यावर लोबान चढला,
गुरुवारच्या दर्ग्याची पायरी, भिजल्या गुलाबासकट.
ती म्हणाली, अंबर म्हणजे हेच की गं, तुला माहीत नव्हतं?
गंगव्वा प्रेसवर असते. तिने मनगट पुढे केलं
आणि तिच्या अंगाने ते पिऊन टाकलं,
दहा मिनिटांत काही उरलं नाही.
मग इस्त्रीची वाफ सुटली
आणि अख्ख्या मजल्याला कस्टर्डचा वास,
एप्रिलात, बेचाळीस डिग्रीत,
सुपरवायझर खिडकीतून खाली बघून आला
कुणाचा वाढदिवस आहे का.

नवऱ्याच्या मानेवर ते चढलंच नाही.
मागाच्या ऑइलने दार उघडलं नाही.
त्याने वास घेतला, म्हणाला, क्रीमचं बिस्किट,
आणि कूस बदलली.

खरं सांगते, मला वास नको होता.
मॅडम दारातून आत आल्या की
बायका मशीनवर जरा ताठ बसतात,
ते हवं होतं.

अत्तम्मा दाराशी विड्या वळत होती.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पन्नास वर्षांत बोटांना आलेला तो पिवळा रंग
जो कुठल्याच साबणाला ऐकत नाही.
हात दे म्हटलं. तिला वाटलं बाम आहे.
दिला.

थांबले.
पुन्हा वाकून घेतला.
हेच. अगदी हेच. दुकानात जे हवेत काढलं ते.
ज्या हातांना लग्नाच्या पंगतीत लोक
जरा लांबूनच ताट देतात,
त्यांच्यावर अकराशेचा वास
स्वतःच्या घरी आल्यासारखा बसला होता,
तंबाखूच्या कडेला कड लावून,
चपला बाहेर काढून.
मॅडमच्या मनगटावरसुद्धा
इतका आतला नव्हता.

"इदेमि वासना?" तिने विचारलं.
आमच्या तेलुगूत वासना म्हणजे नुसता वास.
मराठीत ती काय ते मला शाळेत कळलं होतं
आणि त्या क्षणी दोन्ही भाषांत
उत्तर एकच होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

तिने बोटं नाकाशी नेली. बराच वेळ.
मग एकदम ओरडली,
पानाला लागला वास! माल छाटात जाईल!
राखेने हात घासले, मातीने घासले,
आणि तोवर वळून झालेल्या चारशे विड्या
पदराने वारा घालत बसली,
तान्ह्या बाळाला घालावा तसा.

सकाळी कारखान्यात मीही गेले तिच्यासोबत.
चेकर बंदगी कट्टे हातात घेतो, दाबतो, फेकतो.
एकावर थांबला.
नाकाशी नेला. वर बघितलं नाही.
छाट, म्हणाला, पंचवीस.
वहीत लाल रेघ मारली,
पैसे कापले,
कट्टा टोपलीत न टाकता
शर्टाच्या खिशात ठेवला.

येताना ती काही बोलली नाही.
कन्ना चौकात उसाच्या गाड्यापाशी उभी राहिली,
रस मागवला नाही,
पिवळ्या बोटांनी पदराचं टोक चुरगळत म्हणाली,
बाटलीत किती राहिलंय गं?