फुटाला एक सूत

ओतीव लोखंड निवताना आकसतं,
म्हणून लाकडी पॅटर्न जरा मोठा ठेवायचा,
फुटाला एक सूत.
हे मला शिकवलं तवनाप्पा मगदूमांनी
उद्यमबागेत, पत्र्याच्या शेडमध्ये,
जेव्हा त्यांच्याकडे एकच भट्टी होती
आणि कोक उधारीवर यायचा.

हुक्केरीची, गडहिंग्लजची गुऱ्हाळं
त्यांच्याकडून चरकाचे रूळ न्यायची.
घासाघीस कानडीत,
हिशेब मराठीत,
झोपेत कुठल्या भाषेत बरळतात
ते फक्त पद्मावतीअक्कांना ठाऊक.

तिकीट मिळाल्याचा निरोप आला
तेव्हा ते वाळू चाळत होते.
चाळण खाली ठेवली नाही.
एवढी घमेली होऊ दे म्हणाले.
मग हात झटकले, आणि त्या दिवसापासून
त्यांच्या नखांतला काळा
हळूहळू निघून गेला.

निवडून आल्यावर फाटकासाठी पाटी ओतली मी.
तीन ओळी: वर कानडी, मध्ये मराठी, खाली इंग्रजी,
एकच माणूस तीनदा.
अक्षरं सागवानात कोरताना
कानडी 'ग' मला दोनदा चुकला,
भट्टीवरच्या शिवलिंगाप्पानं बोटानं गिरवून दाखवला.
साच्यात नाव उलटं दिसतं,
ओतीवात सुलटं येतं.

एका रात्री कुणीतरी मधल्या ओळीला डांबर फासलं.
पंधरा दिवसांनी वरच्या.
दोन्ही वेळा रॉकेलची चिंधी घेऊन
ते स्वतःच स्टुलावर चढले.
"लोखंडच आहे की," म्हणाले, "पुसलं जातंय."
खालच्या ओळीला कुणी हात लावला नाही.

दिल्लीला ते निजामुद्दीनच्या गाडीनं जायचे,
डब्यात कुंद्याचे बॉक्स,
कुणाकुणाला द्यायचे त्याची यादी.
पाच वर्षांत सहा प्रश्न, त्यातले चार लेखी.
कच्च्या लोखंडाच्या रेल्वेभाड्याबद्दल विचारलं होतं.
उत्तर आलं: माहिती गोळा केली जात आहे.
तो कागद त्यांनी मला वाचून दाखवला
आणि बराच वेळ घडी घालत बसले,
अर्धा, पाव, अर्धपाव,
अजून घडी पडेना तोवर.

रात्री कधीतरी फोन यायचा.
"मेस्त्री, भट्टी फोडली?"
"आत्ताच फोडतोय."
"मग धर की फोन जरा तिकडं."
मी धरायचो.
रस पन्हाळीतून उतरताना जो आवाज होतो
तो किती पोचत असेल कोण जाणे.
पलीकडून काहीच ऐकू यायचं नाही,
पण फोन ठेवायचे नाहीत.

या काळात पगार दोनदा लांबला.
लेकानं कर्ज काढून नवी मशिनं आणली,
त्यातलं एक अजून खोक्यातच आहे.
चांगलं लिहितोय तर हेही लिहायला हवं.

दुसऱ्या खेपेला अकरा हजारांनी पडले.
सकाळी आठला, भोंग्याच्या आधी,
इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत शेडमध्ये आले.
कोअर करणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या.
"बसा गं, बसा," म्हणाले,
आणि त्यांच्या आधी आपणच वाळूवर बसले.

दुपारी पाना मागितला.
पाटीचे चारही बोल्ट गंजले होते,
तिसरा निघेना तेव्हा छिन्नीनं तोडला.
पाटी तोलकाट्यावर ठेवली, चौदा किलो सातशे.
वजन भंगाराच्या वहीत
स्वतःच्या अक्षरात लिहिलं, भावासकट,
आणि मगच भट्टीत टाकायला दिली.

त्या दिवशी पंपाच्या बावीस बॉड्या ओतल्या.
चिकोडीला काही गेल्या, काही खानापूरकडं.
कुठल्या विहिरीवर कुठला पंप
ते वहीत नाही.

साचे फोडताना ते शेजारी उभे होते.
फूटपट्टी लावली, डोळे बारीक केले.
"मेस्त्री, सूत किती सोडलंतीस?"
"एकच की, साहेब."
"होय," म्हणाले, "बरोबर आहे,"
आणि पुन्हा एकदा मोजलं.